मुंबईत करवंदं, रायआवळे, कवठं, पपनसं घाऊक प्रमाणात कुठे आणि कधी मिळतात?

आंबटगोड | २० फेब्रुवारी, रात्री १०:४०

कैरी, लिंबू आणि मोरावळा यांवर इथे धाग्यांची कमी नाही, त्यामुळे ते बाजूला ठेवू. मला विचारायचंय ते त्या फळांबद्दल, जी वर्षातून तीन-चार आठवडे कुठल्यातरी पुलाखाली किंवा स्टेशनच्या जिन्याशी दिसतात आणि आपण पिशवी घेऊन पोचेपर्यंत गायब होतात. कच्ची-लालसर करवंदं, रायआवळे, कवठं, रसभरी, रातांबे, अंबाडे, पपनस. यांचे जॅम, जेली, मार्मलेड, पाकातले प्रकार करायचे आहेत. म्हणजे तोंडात टाकायला एक द्रोण घेऊन भागणार नाही, एकदम तीन-चार किलो हवेत.

राहते गोरेगावला. भाजीच्या ॲपवर परदेशी ब्लूबेरी बाराही महिने दहा मिनिटांत दारात येते, पण रायआवळा शोधला की आवळा कँडी दाखवतात. तर कुठला बाजार, कुठला महिना आणि मुख्य म्हणजे विचारायचं कुणाला, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी लिहा. पाककृतीही चालतील, पण आधी फळ.

शिळोप्याची | २० फेब्रुवारी, रात्री ११:०५

रुमाल टाकून ठेवते. रायआवळे नुसतं वाचूनच दात आंबले.

नाना_पार्लेकर | २१ फेब्रुवारी, सकाळी ७:१५

आंबटगोडताई, यादीतल्या कवठांपासून सुरुवात करा आणि लगेच करा. महाशिवरात्रीला कवठ लागतं, त्यामुळे आधीच्या दोन-तीन दिवसांत दादर पश्चिमेला फूलबाजाराच्या आसपास ढीग लागतात. आमच्या पार्ले पूर्वेच्या बाजारातही येतात. महाशिवरात्र उलटली की गिऱ्हाईक संपतं, माल मात्र विक्रेत्याकडे पडून असतो. तीन-चार किलो घेणाऱ्याने नेमका तो दिवस साधावा. घासाघीससुद्धा करावी लागत नाही, तेच हाक मारतात.

पारख अशी : कवठ वीतभर उंचीवरून फरशीवर सोडायचं. कच्चं असेल तर टणकन उडतं, पिकलेलं धप्प करून तिथेच बसतं. शिवाय देठाकडे नाक लावलं की कळतंच. विकणारीसमोर हा प्रयोग केला तर ती काहीतरी बोलेल, ते ऐकून घ्यायचं.

आमच्याकडे सौ. जेली करतात ती फक्त पिकलेल्या कवठांची नाही, चारात एक कच्चं टाकतात. गर काढून दीडपट पाण्यात मंद आचेवर वीसेक मिनिटं शिजवायचा आणि पंच्यात बांधून रात्रभर टांगून ठेवायचा. पंचा पिळायचा नाही. पिळलात की जेली गढूळ होणार. सकाळी जो रस खाली उतरला असेल त्याच्या पाऊणपट साखर आणि एका लिंबाचा रस. रंग गडद तपकिरी-लाल येतो, उजेडात धरून बघण्यासारखा. उरलेल्या चोथ्यात गूळ, जिरं, तिखट, मीठ घालून चटणी. काही टाकायचं नाही.

माटुंगा_ईस्ट | २१ फेब्रुवारी, सकाळी ९:३०

रायआवळे माटुंगा पूर्वेला, स्टेशनजवळच्या मार्केटमध्ये. मार्चपासून बघायला लागा. तिथले जुने भाजीवाले तमीळ गिऱ्हाइकांमुळे बऱ्याच गोष्टी ठेवतात ज्या इतरत्र नाहीत. ‘अरनेल्ली’ म्हटलं की पटकन कळतं. तिथेच फेब्रुवारी-मार्चमध्ये मावडू मिळतात, म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या कैऱ्या, देठासकट मिठात घालायच्या. आणि नारतंगाई नावाचं मोठं, जाड सालीचं लिंबू. लोणच्यासाठी नेतात, पण मार्मलेडला एकदा वापरून बघाच.

आंबटगोड | २१ फेब्रुवारी, दुपारी १:१०

नाना, धप्प-टणकन लक्षात ठेवते. :)
माटुंगा_ईस्ट, मार्मलेडला कडूपणा किती येतो?

माटुंगा_ईस्ट | २१ फेब्रुवारी, दुपारी १:२५

येतो. तेच तर हवं.

ठाणे_खाडी | २१ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:००

एवढी वणवण कशाला? करवंदांसाठी एप्रिल-मेमध्ये येऊरला या. झुडपंच्या झुडपं आहेत, कुणी विचारत नाही. पिशवी भरून तोडा, फुकटात काम.

रानमेवा | २१ फेब्रुवारी, रात्री ८:५०

ठाणे_खाडी, कुणी विचारत नाही हे तुमचं नशीब. येऊरचं जंगल हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग आहे आणि राष्ट्रीय उद्यानातून फळ-फूल काढून नेणं वन्यजीव संरक्षण कायद्याने (१९७२) मना आहे. आणि कायदा सोडा, आपल्याला जॅमची हौस म्हणून चार किलो ओरबाडली तर बुलबुलांनी, माकडांनी आणि कोल्ह्यांनी काय खायचं? करवंदाचं बी पसरतं ते याच मंडळींमुळे.

ठाणे_खाडी | २१ फेब्रुवारी, रात्री ९:१५

मग दादरला ज्या बायका विकायला बसतात त्या काय स्वतःच्या शेतातून आणतात? त्यांना चालतं, आम्हाला नाही?

रानमेवा | २१ फेब्रुवारी, रात्री १०:३०

प्रश्न रास्त आहे म्हणून सविस्तर लिहितो. माझं गाव मुरबाड तालुक्यात. आमच्याकडून आणि शहापूर, कसारा, कर्जत, जव्हारकडून जो माल मुंबईत येतो तो बहुतेक गावाजवळच्या डोंगरातला, माळरानावरचा आणि बांधांवरचा असतो. राष्ट्रीय उद्यान वेगळं आणि गावाच्या हद्दीतलं जंगल वेगळं. २००६च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना दिला आहे. ठाकर, कातकरी, वारली, महादेव कोळी बायांसाठी एप्रिल-मेचे हे पैसे म्हणजे पावसाळ्याआधीची बेगमी. भात लावणीपर्यंत दुसरं काम नसतं.

करवंदं तोडायची म्हणजे काय ते एकदा बघा. काटा दुहेरी असतो, फळ तोडलं की पांढरा चीक बोटांना चिकटतो आणि उन्हं चढायच्या आत काम उरकावं लागतं, कारण मग फळ मऊ पडतं. पहाटे डोंगर, दुपारी पानांचे द्रोण लावणं, दुसऱ्या पहाटेची गाडी. त्यानंतर दादरला कुणीतरी वीसचा द्रोण पंधराला मागतं.

शिळोप्याची | २१ फेब्रुवारी, रात्री १०:५०

रानमेवा, +१. आणि वर पंधराला घेऊन ‘दोन जास्तीची टाक’ हेही म्हणतात.

तिसरा_डबा | २२ फेब्रुवारी, सकाळी ८:०५ (लोकलमधून, टंकनचुका पोटात घाला)

मी टिटवाळ्याचा. आसनगाव-कसाऱ्याकडून पहाटेच्या गाड्यांना टोपल्या लगेजच्या डब्यात चढतात. कल्याणला काही उतरतात, ठाण्याला काही, उरलेल्या दादरला. म्हणजे दादरला जे दिसतं ते दोनदा निवडून झालेलं. कल्याण पश्चिमेला स्टेशनबाहेर सकाळी सातच्या आत गेलात तर टोपली न फोडलेली मिळते.

पण आंबटगोड, तुमची खरी अडचण वेगळी आहे. तुम्हाला हवीत लालसर, अर्धी कच्ची. त्या आणतात काळी, पिकलेली, कारण मुंबईकर ती खायला घेतो. कच्ची आणली आणि कुणी घेतली नाहीत तर टोपली तशीच परत. त्यामुळे आज दिसली म्हणून घेतली असं होणार नाही, सांगून ठेवावं लागेल. जी मावशी रोज एकाच जागी बसते तिच्याकडून आठवडाभर थोडं थोडं काहीतरी घ्या, तोंडओळख करा, मग सांगा की परवा चार किलो लालसर पाहिजेत, आणि थोडा इसार हातात द्या. इसार महत्त्वाचा. नुसतं ‘आणून ठेवा हां मावशी’ म्हणणारे दिवसाला दहा येतात आणि फिरकत नाहीत.

वसईकरीण | २२ फेब्रुवारी, दुपारी ३:२०

पश्चिम रेल्वेवाल्यांनी आमच्याकडेही बघावं की. वसईच्या वाड्यांत जाम आहेत (पांढरे, गुलाबी, मार्च ते मे), बिंबली आहेत, पपनसाची झाडं आहेत. घरटी एखादं झाड असतं, त्यामुळे बाजारात ढिगाने येत नाही. पहाटेच्या गाडीने ज्या भाजीवाल्या दादर-बोरिवलीला जातात त्यांच्या टोपलीत कोपऱ्यात एखादा वाटा असतो. त्यांना विचारलंत तर दुसऱ्या दिवशी शेजारणीच्या झाडाचं काढून आणतील.

जामाचा जॅम मात्र करू नका, नाव ऐकून मोहात पडाल. नुसतं पाणी आहे त्यात. बिंबली चिरून, मीठ लावून, उन्हात सुकवून ठेवतात आमच्याकडे, वर्षभर माशाच्या कालवणात चालते. साखरेतली बिंबलीसुद्धा सुंदर होते, आधी रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवून, पिळून, मग एकतारी पाकात.

आणि सुकेळी ऐकली आहेत का कुणी? राजेळी केळी सोलून उन्हात सुकवतात, साखरेचा कणही नाही, तरी महिनोन्‌महिने टिकतात. करणारी घरं आता कमी झालीत. सणावारी वसई गावात चौकशी केली तर मिळतात.

स्पिरिट_लेव्हल | २२ फेब्रुवारी, रात्री ९:४०

बिंबलीबद्दल एक सूचना. तिच्यात ऑक्झॅलिक आम्ल खूप असतं. कालवणात दोन फोडी वेगळ्या आणि वजन किंवा कोलेस्टेरॉल उतरवायचं म्हणून ग्लासभर ताजा रस पिणं वेगळं. अशा रसाने मूत्रपिंडं निकामी झाल्याचे रुग्ण केरळमध्ये नोंदले गेले आहेत. कमरखाचंही तेच, आणि आधीच मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी कमरख तोंडातही घालू नये. मुलांना देताना, म्हाताऱ्यांना देताना ध्यानात ठेवा.

आता मूळ विषय. अन्नप्रक्रियेत काम करतो म्हणून थोडं तांत्रिक. जॅम किंवा जेली धरते ती पेक्टिन (फळातला घट्टपणा आणणारा घटक), आम्ल आणि साखर या तिघांच्या मेळामुळे. फळ पिकत जातं तसं पेक्टिन तुटत जातं, म्हणून लालसर करवंदांचा आग्रह बरोबर आहे. कवठ, रायआवळा, करवंद, रसभरी, पपनसाची साल आणि बिया : पेक्टिन भरपूर. तुती, स्ट्रॉबेरी, चिकू : कमी. त्यांच्यात लिंबू आणि वरच्यापैकी एखादं फळ मिसळा. बाजारची पेक्टिन पावडर लागतच नाही.

घरात तपासायची रीत सोपी आहे. शिजवून गाळलेला रस एक चमचा, पूर्ण थंड करून, त्यात तीन चमचे सर्जिकल स्पिरिट. वाटी हलकेच फिरवून मिनिटभर थांबायचं. एकसंध घट्ट गोळा झाला तर पेक्टिन भरपूर, रसाइतकीच साखर घ्या. दोन-तीन ढिले तुकडे झाले तर पाऊणपट. काहीच झालं नाही तर मदत लागेल. हा नमुना चाखायचा नाही, फेकून द्यायचा, आणि हे सगळं पेटत्या गॅसपासून लांब.

तापमापी असेल तर १०४-१०५ अंश सेल्सिअसला उतरवा. मुंबई समुद्रसपाटीला असल्याने हा आकडा इथे जसाच्या तसा लागू पडतो, पाचगणीला करत असाल तर एक बशी फ्रीजरमध्ये ठेवा आणि थेंब टाकून बघा. बोट फिरवल्यावर सुरकुती पडली की झालं. बशीवर भरवसा तापमापीपेक्षा जास्त ठेवावा, असं माझं मत.

नाना_पार्लेकर | २३ फेब्रुवारी, सकाळी ७:००

आमच्या सौ. बोटाने तार काढून बघतात. त्यांना तापमापी दाखवली तर त्या ताप कुणाला आलाय म्हणून विचारतील. पण स्पिरिटचा गोळा बघायला आवडेल, आज करून बघतो.

रसभरीबद्दल कुणीच लिहिलं नाही अजून. सध्या क्रॉफर्ड मार्केटला भरपूर आहे. १८६९ची ती इमारत नुसती बघायलाही जावं, कारंजं वगैरे आहे. आत शिरल्यावर पहिल्या रांगेतल्या चकचकीत दुकानांशी थांबू नका, तिथे परदेशी सफरचंदं आणि पर्यटकांचे भाव. आत चालत जा. महाबळेश्वरची तुती आणि स्ट्रॉबेरीही असते. जॅमला स्ट्रॉबेरी घेणार असाल तर बारीक, वेडीवाकडी मागा, ती स्वस्त असते आणि चवीला जास्त आंबट.

आंबटगोड | २८ फेब्रुवारी, रात्री १०:००

कवठाची जेली झाली! नानांच्या सौ.ना माझ्यातर्फे नमस्कार सांगा. रंगाबद्दल जे लिहिलं होतं ते तंतोतंत. स्पिरिटमध्ये असा दगडी गोळा झाला की चमच्याने उचलता आला.

कढईत_पाक | १८ मार्च, दुपारी ४:१०

रायआवळे माटुंग्याला आलेत, कालच बघितले. पाकात करताना एक गंमत असते. फळ फिकट पिवळं, पण साखरेत मंद आचेवर दीड-दोन तास ठेवलं की हळूहळू गुलाबी आणि मग गर्द लाल होतं. रंग घालावा लागत नाही. घाई करून मोठ्या आचेवर केलं तर रंग चढत नाही आणि साखर करपते. बिया आतच राहू द्या, खाताना चोखून टाकायच्या.

भांडं स्टीलचं किंवा एनॅमलचं. ॲल्युमिनिअम नको, एवढ्या आंबटात ते उतरतं.

ठाणे_खाडी | १९ मार्च, सकाळी ११:००

साखरेऐवजी गूळ चालेल का कुठे?

कढईत_पाक | १९ मार्च, सकाळी ११:२०

रायआवळ्याला नको, एवढा रंग येतो तो झाकून जाईल. करवंदाला आणि अंबाड्याला खुशाल घाला. जेली मात्र साखरेचीच.

तिसरा_डबा | २२ एप्रिल, सकाळी ८:१०

कच्ची करवंदं कालपासून कल्याणला. पिकलेली यायला अजून वेळ आहे. आंबटगोड, हीच वेळ.

आंबटगोड | ३ मे, रात्री ११:३०

लिहायला उशीर झाला, हात काळेनिळे होते. बोरिवली स्टेशनबाहेर एक मावशी बसतात, एप्रिलच्या सुरुवातीपासून त्यांच्याकडून तोरणं, कैऱ्या, आणखी काय काय घेत होते. इसार दिला तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की ही नक्की काय करणार आहे. मी जॅम म्हटलं, कळलं नाही. मुरांबा म्हटलं, तेव्हा ‘करवंदाचा?’ म्हणून हसल्या आणि बाजूच्या दोघींना सांगितलं. दुसऱ्या दिवशी तीन किलो आणली, जवळजवळ सगळी लाल, वर पळसाची पानं टाकून. सांगितलेल्या भावात एक रुपया कमीजास्त नाही. मी दोन द्रोण पिकलेलीही घेतली, रंगासाठी.

करणाऱ्यांसाठी : देठाचा चीक जायला मिठाच्या पाण्यात अर्धा तास ठेवा, हाताला तेल लावा. बुडतील एवढ्या पाण्यात शिजवली की सालं फुटतात, मग गाळणीतून घोटून बिया आणि सालं वेगळी. कढईच्या कडेला चिकाचं एक कडं बसतं, ते साबणाने निघत नाही, तेल लावून कापडाने पुसलं की निघतं. गराइतकीच साखर. पेक्टिनची चिंता नाही, उलट उतरवायला दोन मिनिटं उशीर झाला तर सुरीने कापावं लागेल इतकं घट्ट होतं. चव म्हणाल तर टोस्टपेक्षा थालीपिठाबरोबर जास्त छान लागलं.

शिळोप्याची | ४ मे, सकाळी ९:००

केकवर जी लाल ‘चेरी’ असते ना, ती बहुतेक वेळा करवंदच असतं, रंगवून पाकात मुरवलेलं. म्हणजे आपण लहानपणापासून करवंदाचं प्रिझर्व्हच खात आलोय, फक्त वाढदिवसाला.

रानमेवा | ४ मे, रात्री ९:१०

मावशींचं वाचून बरं वाटलं. आता अळू (फळवाला, पानांचा नव्हे) आणि तोरणं संपत येतील, जांभळं सुरू होतील. पालघरकडची बहाडोलीची जांभळं घ्या, त्यांना भौगोलिक मानांकन आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण बहाडोली’ नावाची जात याच भागातल्या झाडावरून निवडली. फळ मोठं, गर भरपूर. बाजारात बहाडोली म्हणून काहीही खपवतात, त्यामुळे बीचा आकार बघा. फळ मोठं आणि बी लहान तर ठीक. पाऊस पडायच्या आत घ्या, पाण्याने फळ तडकतं, अळी पडते.

स्पिरिट_लेव्हल | ५ मे, सकाळी १०:३०

जांभूळ शिजवलं की तुरटपणा वाढल्यासारखा वाटतो. बियांवर दाब देऊन घोटू नका, गर अलगद सुटेल तेवढाच घ्या. थोडी लालसर करवंदं मिसळली तर धरायलाही मदत होते.

कढईत_पाक | ९ मे, संध्याकाळी ५:००

रातांबे राहिलेच. दादरला आणि पार्ल्याला कोकणच्या मालाच्या दुकानांत सांगून ठेवलं तर गाडीने येतात, मेअखेरपर्यंत. आल्या दिवशीच करायला घ्या, दुसऱ्या दिवशी पिशवीत पाणी सुटलेलं असतं. बिया काढून सालांच्या वाट्यांत साखर भरायची, बरणीत थरावर थर, सालांच्या दुप्पट साखर, तोंडाला फडकं बांधून आठवडाभर उन्हात. रोज एकदा हलवायचं. अजिबात शिजवायचं नाही. बियांभोवतीचा गर वाया घालवू नका, त्या मिठात घालून आगळ होतं.

ज्यांच्याकडे बाल्कनीत ऊन येत नाही त्यांनी गच्चीची किल्ली सोसायटीकडून आधीच मागून ठेवा. हे मी चेष्टेत लिहीत नाही.

नाना_पार्लेकर | ९ मे, संध्याकाळी ६:१५

आमच्या सोसायटीत मे महिन्यात गच्चीच्या किल्लीवरून जेवढं राजकारण होतं तेवढं निवडणुकीतही होत नाही. एकीचे पापड, दुसरीच्या कुरडया, आमचं कोकम, आणि कबुतरं सगळ्यांची.

शिळोप्याची | १६ जुलै, रात्री १०:२०

मदत! जांभळाच्या जॅमवर पांढरी बुरशी आली. वरचं काढून खालचं खाल्लं तर?

स्पिरिट_लेव्हल | १६ जुलै, रात्री १०:३५

टाकून द्या, अख्खी बाटली. साखर किती घातली होती?

शिळोप्याची | १६ जुलै, रात्री १०:४०

निम्मी. तब्येतीच्या नावाने चांगभलं.

स्पिरिट_लेव्हल | १६ जुलै, रात्री ११:००

निम्म्या साखरेचा जॅम चवीला छान असतो, पण तो फ्रीजमधला पदार्थ आहे, फडताळातला नाही. बाहेर टिकायला तयार जॅममध्ये विरघळलेले घन पदार्थ साधारण ६५ टक्के लागतात. मुंबईच्या पावसाळ्यात तर हवाच इतकी ओली की झाकण उघडताना आत शिरणारा दमटपणाही पुरतो. लहान बाटल्या वापरा, म्हणजे उघडलेली आठवड्यात संपते. बाटल्या उकळून, ओव्हनमध्ये किंवा कढत तव्यापाशी पूर्ण कोरड्या करून, जॅम कढत असतानाच काठोकाठ भरायचा. ओला चमचा घालणाऱ्यावर घरात दंड ठेवा.

वसईकरीण | २४ ऑगस्ट, सकाळी १०:१५

धागा वर काढतेय. अंबाडे आलेत! गणपतीच्या आधी मिळतात ते कोवळे, आत कोय धरायच्या आधीचे, ते लोणच्याला. साखरेत किंवा गुळात करायचे तर गणपतीनंतरचे जून घ्या, गर जास्त असतो, दोऱ्या असतात पण स्वाद त्यातच. दादरला गणपतीच्या बाजारात मिळतील, गौरीच्या पत्रीवाल्यांच्या शेजारी बघा.

आणि पपनसं झाडावर पिवळी पडायला लागली. आंबटगोड, हवीत का?

आंबटगोड | २४ ऑगस्ट, सकाळी १०:२०

हवीत म्हणजे काय! चार ठेवा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

माटुंगा_ईस्ट | २४ ऑगस्ट, दुपारी १२:००

चार पपनसांचं मार्मलेड म्हणजे वर्षभर वाटत बसाल. दोन पुरतात. साल जाड सोलायची, आतला पांढरा मऊ भागही ठेवायचा, काड्या करून तीन वेळा उकळून पाणी फेकायचं. गुलाबी फोडींचा रस वेगळा. बिया आणि पडदे मलमलच्या पुरचुंडीत बांधून रसाबरोबर शिजवायचे, सगळं पेक्टिन तिथे आहे. साखर घालायच्या आधी पुरचुंडी पिळून घ्यायची (इथे पिळायचं, नाना!). साल बोटाने दाबून तुटेल इतकी शिजल्याशिवाय साखर घालू नका, साखर पडली की साल पुढे मऊ होत नाही.

नाना_पार्लेकर | २४ ऑगस्ट, दुपारी २:३०

पिळा, पिळा. मार्मलेडला परवानगी आहे.

आंबटगोड | १४ सप्टेंबर, रात्री ९:५०

दोन पपनसांत दहा लहान बाटल्या. माटुंगा_ईस्ट, कडूपणा आला. हवाच होता. :) उरलेल्या दोघांपैकी एक सोलून खाल्लं आणि एक बोरिवलीच्या मावशींना दिलं, त्या आता भाजी घेऊन बसतात. जॅमची बाटली मेमध्येच दिली होती, त्यावर त्यांचा शेरा : ‘गोड लई झालंय.’

रानमेवा | १४ सप्टेंबर, रात्री १०:१०

बरोबर आहे त्यांचं.

कढईत_पाक | २ नोव्हेंबर, सकाळी ८:४५

डोंगरी आवळा सुरू होतोय. बाजारात दिसतो तो मोठा, फिकट, गुळगुळीत कलमी. मला हवाय तो लहान, तुरट, रेषा उठून दिसणारा. वाशीच्या फळबाजारात मिळतो, पण तिथे घाऊक माल, अख्खी गोण घ्यावी लागते आणि पहाटे जावं लागतं. भाचा शनिवारी गाडी घेऊन जाणार आहे. कुणी वाटून घेणार का? पार्ले, अंधेरी, गोरेगावला उतरवता येईल.

नाना_पार्लेकर | २ नोव्हेंबर, सकाळी ९:००

पाच किलो. पार्ले पूर्व. सौ. म्हणतात, डागाळलेला एकही नको.

आंबटगोड | २ नोव्हेंबर, सकाळी ९:२०

गोरेगावला तीन किलो. पैसे आधी पाठवते, इसार समजा.

ठाणे_खाडी | २ नोव्हेंबर, सकाळी ११:४०

ठाण्याला कुणी येणार असेल तर मलाही दोन किलो. नाहीतर मी ऐरोलीपर्यंत येतो.